गोळीमागची हकीकत

मंडळी, नाशिकच्या बाजारात एखादी बाई औषधवाल्याकडे हळूच 'माला-डी' मागते, आणि तोही ते पाकीट कागदात गुंडाळून देतो. एवढा संकोच आजही आहे. मग शंभर वर्षांपूर्वी काय असेल? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. गोळी तेव्हा कुठली! रबरी साधनेच काय ती. पण त्यांचे नाव काढायलाही लोक बिचकत. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. 1927 पासून चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले, दंड झाला. 1934 साली त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी. 1938 साली डॉक्टरांच्या वतीने रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही सभागृहाने फेटाळला.

गोळीला अमेरिकेत 1960 साली परवानगी मिळाली. कर्वे 1953 सालीच गेले होते. या गोळीतल्या संप्रेरकांमुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात तीच 'माला-एन' नावाने फुकट मिळते. मात्र रक्तदाब असेल, विडीची सवय असेल, किंवा तान्हे मूल अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारा. औषधवाल्याने चार प्रश्न विचारले, तर बाई, त्याच्यावर रागावू नका.