बाल लसीकरण व पालकांची संमती (सातारा व सांगली)

लस कोणत्या रोगावर आहे, तिचे लाभ व संभाव्य दुष्परिणाम कोणते, हे समजून घेऊन पालकांनी अपत्यास ती देण्यास स्वेच्छेने दिलेली मान्यता म्हणजे माहितीपूर्ण संमती होय. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील बाल लसीकरणात हा प्रश्न देवीच्या लसीपासून आजतागायत निरनिराळ्या रूपांत उद्भवलेला आहे. (सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने निर्माण झाला, १९६० साली त्यास सध्याचे नाव मिळाले.)

देवीची लस

मराठीत रोग व देवता यांना एकच नाव असल्याने लस टोचण्यास 'देवी काढणे' व टोचणाऱ्यास 'देवी डॉक्टर' म्हटले जाई. मुंबई इलाख्यात १८९२ च्या जिल्हा लसीकरण कायद्याने अधिसूचित क्षेत्रांतील पालकांवर सक्ती आली. पालकांचा विरोध केवळ देवीच्या कोपाच्या भीतीने होता असे मानणे अपुरे ठरेल. आरंभीच्या पद्धतीत एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्यास टोचत. त्यातून अन्य रोग संक्रमित होण्याचा धोका खरोखरच होता. पुढे वासरांपासून तयार केलेली लस प्रचारात आल्यावर हा आक्षेप मागे पडला.

सध्याची पद्धत

नियमित लसीकरणात लेखी संमती सहसा घेतली जात नाही. पालक बालकास घेऊन सत्रास आले यातच संमती गृहीत धरतात. कोणती लस दिली, पुढील मात्रा केव्हा, कोणता त्रास संभवतो व कार्ड जपून आणावे, हे चार संदेश देणे आरोग्यसेविकेकडून अपेक्षित असते. लसीनंतर अर्धा तास थांबावे लागते. पेंटाव्हॅलंट लसीनंतर येणारा ताप, एकाच दिवशी अनेक सुया, बाळास सर्दी असताना लस द्यावी काय, या पालकांच्या नेहमीच्या शंका होत. साधी सर्दी लस टाळण्याचे कारण नसते. पूर्वीच्या मात्रेनंतर तीव्र ॲलर्जी झाली असल्यास मात्र ती सांगणे अत्यावश्यक असते.

गृहीत संमतीची मर्यादा ऊसतोड मजुरांच्या बाबतीत विशेष जाणवते. कराड, वाळवा आदी तालुक्यांतील कारखान्यांच्या हंगामात बीड व अन्य जिल्ह्यांतून टोळ्या येतात. आईवडील पहाटेच फडात जातात. कोपीवर अनेकदा आजी किंवा थोरले भावंड असते आणि कार्ड गावीच राहिलेले असते. बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी केलेल्या कृतीस पालकाची संमती भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये अभिप्रेत होती. २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आहे. भावंडाच्या होकारास पालकाची संमती म्हणता येत नाही. आदल्या सायंकाळी कोपीवर जाऊन आईवडिलांशी बोलणे हाच येथे व्यवहार्य मार्ग ठरतो.

गोवर-रुबेला मोहीम व न्यायालये

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी ही मोहीम सुरू झाली. शाळाशाळांतून लस द्यावयाची असल्याने पालक प्रत्यक्ष उपस्थित नसण्याचा प्रश्न सर्वत्र उपस्थित झाला. दिल्लीतील अशाच मोहिमेबाबत तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पालकांची माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरवली आणि दुष्परिणामांची माहितीही प्रसिद्ध करण्यास सांगितले. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणासही लस घेण्याची सक्ती करता येत नाही, असे स्पष्ट केले. तो खटला कोविड लसींविषयी होता. लसीनंतरच्या दुष्परिणामांची नोंद सामान्य नागरिकांस व डॉक्टरांस स्वतः करता यावी, अशी व्यवस्था उभारण्याचा आदेशही त्याच निकालात आहे.