‘श्यामची आई’चें सुवर्णपदक : एक कालनिर्णय

गेल्या वर्षीं पोथ्यांच्या शोधार्थ एका रद्दीविक्रेत्याच्या दुकानीं गेलों असतां, एका वैद्यक पोथीच्या रुमालांत गुंडाळलेली चित्रपटाची एक चोपडी आमच्या हातीं आली. चोपडी ‘श्यामची आई’ची. मुखपृष्ठावर शिसपेन्सिलीनें ‘राष्ट्रपतिपदक १९५३’ असें लिहिलेलें. त्याखालीं दुसऱ्या हातानें ‘५३ नव्हे, ५४’ अशी दुरुस्ती. समासांतील दोन हातांचा वाद सोडविणें हा आमच्या वाचकांचा नित्याचा उद्योग; तेव्हां यांपैकीं प्रमाण कोणता, हें पाहूं. इतका अर्वाचीन विषय या पत्रांत कशास, या शंकेचें उत्तर शेवटीं येईल.

प्रथम निर्विवाद गोष्टी. साने गुरुजींनीं मूळ पुस्तक इ. स. १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. त्यावरून आचार्य प्र. के. अत्रे यांनीं काढलेला चित्रपट १९५३ सालीं लोकांपुढें आला. आईची भूमिका वनमाला यांनीं व श्यामची माधव वझे यांनीं केली. त्या सालच्या चित्रपटांकरितां भारत सरकारनें पारितोषिकें सुरू केलीं आणि त्यांचा पहिला समारंभ ता. १० ऑक्टोबर १९५४ रोजीं दिल्लीस झाला. अखिल भारतांतील उत्कृष्ट कथाचित्राचें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक ‘श्यामची आई’स मिळालें, ‘दो बीघा जमीन’ या हिंदी चित्रपटास गुणवत्तेचें प्रशस्तिपत्र देण्यांत आलें. गुरुजी ता. ११ जून १९५० रोजींच निवर्तले होते; हा गौरव पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

तात्पर्य, दोन्ही हात खरे आहेत. पहिल्यानें चित्रपटाचें साल दिलें, दुसऱ्यानें पदकदानाचें. गतशक व वर्तमानशक यांचा घोटाळा ज्यांनीं ताम्रपटांत पाहिला आहे, त्यांस हें नवल वाटूं नये. मात्र येथें सरसकट एक मिळविण्याचा नियमहि चालत नाहीं. १९ सालच्या (२०१९) चित्रपटांचा समारंभ ता. २५ ऑक्टोबर २०२१ रोजीं, आणि २०२० सालच्यांचा ता. ३० सप्टेंबर २०२२ रोजीं झाला. करितां चित्रपटाचें साल व समारंभाची मिति हीं दोन्ही लिहावीं. एकच लिहिणें म्हणजे पुढील संशोधकास खड्ड्यांत लोटणें होय.

दुसरा घोटाळा नांवाचा. आज ‘राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार’ म्हणून जे ओळखले जातात, त्यांचें आरंभींचें नांव ‘स्टेट अवॉर्ड्स फॉर फिल्म्स’ असें होतें. येथें ‘स्टेट’ म्हणजे प्रांत नव्हे, तर देशाची शासनसंस्था. जुन्या जाहिरातींत ‘राज्य पुरस्कार’ असे शब्द दिसतांच ते महाराष्ट्र राज्याचे समजणारा मनुष्य फसेल. कारण महाराष्ट्र राज्य ता. १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आलें.

तिसरा घोटाळा मौनावरून अनुमान काढण्याचा. “चित्रपटास सुवर्णपदक मिळालें, पण वनमालाबाईंच्या अभिनयाची कोणी दखल घेतली नाहीं,” असें बोललेलें आम्हीं ऐकिलें आहे. हें अन्यायाचें आहे. नटनटींस या मालिकेंत स्वतंत्र पारितोषिकें प्रथम १९६७ च्या चित्रपटांकरितां देण्यांत आलीं. तीं उत्तमकुमार व नर्गिस यांस मिळालीं. जें पारितोषिक मुळीं नव्हतेंच, तें नाकारलें असें म्हणतां येत नाहीं. त्या पारितोषिकांचीं ‘भरत’ व ‘उर्वशी’ हीं नांवें संस्कृतज्ञांस मौजेचीं वाटतील. ‘विक्रमोर्वशीया’त भरतानें बसविलेल्या नाटकांत उर्वशी ‘पुरुषोत्तम’ म्हणावयाचें तेथें ‘पुरूरवा’ म्हणून गेली व मुनींच्या शापास पात्र झाली. ज्या नटीची चूक कवीनें अमर केली, तिच्याच नांवें नटीचा गौरव व्हावा, हा कालमहिमा!

चौथा घोटाळा नामसाम्याचा, आणि तो अगदीं ताजा आहे. ‘श्यामची आई’ याच नांवाचा, सुजय डहाके यांनीं दिग्दर्शित केलेला दुसरा चित्रपट २०२३ सालीं निघाला व त्यास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचें पारितोषिक मिळालें, समारंभ ता. २३ सप्टेंबर २०२५ रोजीं झाला. पहिल्याचा मान अखिल भारतांतील, दुसऱ्याचा मराठी भाषेच्या वर्गांतील. शंभर वर्षांनीं हे दोन्ही एक मानले जाण्याचें भय आम्हांस वाटतें.

आतां आरंभींच्या शंकेकडे वळूं. नाट्यशास्त्रांत सिद्धींच्या अध्यायांत नाट्यप्रयोगांच्या स्पर्धेचें वर्णन आहे. परीक्षकांस तेथें ‘प्राश्निक’ म्हटलें असून त्यांत याज्ञिक, नर्तक, वैयाकरण, धनुर्धर, चित्रकार व वेश्याहि आहेत. विजयी नटास पताका द्यावयाची आहे. परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं गुणदोष टिपण्यास लेखक व मोजण्यास गणक हवेत असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे नोंद ही समारंभाची शेपटी नव्हे, अंगच आहे. त्या प्राचीन स्पर्धांतील एकाहि लेखकाचा कागद आज आपणांपाशीं नाहीं. पताका कोणास मिळाल्या, हें आपण जाणत नाहीं.

तीच गत आपल्या काळाची होऊं नये. चित्रपटांच्या फिती पोथ्यांहूनहि अल्पायुषी. पुणें येथें ता. ८ जानेवारी २००३ च्या आगींत जुन्या फितींचा मोठा संग्रह भस्मसात् झाला. फिती राखणें आपल्या आवांक्याबाहेरचें असेल. पण चोपड्या, प्रशस्तिपत्रें, निमंत्रणें व जाहिराती आपल्याच दप्तरांत पोथ्यांशेजारीं पडून असतात. संग्राहकांनीं त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत, व प्रत्येकीवर ती कोठें, केव्हां मिळाली तें लिहून ठेवावें, अशी आमची विनंति आहे. आमच्या चोपडीवरील दोन्ही टीपा आम्हीं तशाच ठेविल्या आहेत, खालीं तिसऱ्या हातानें एवढेंच लिहिलें आहे : ‘चित्रपट १९५३, पदकदान ता. १० ऑक्टोबर १९५४.’