संबंधी उपवाक्य, इंग्रजीतील

नामाविषयी माहिती देणारे आणि त्या नामानंतर येणारे गौण वाक्य. ‘हू’ माणसांसाठी, ‘व्हिच’ वस्तूंसाठी आणि ‘दॅट’ दोहोंसाठी येते. ‘हूज’ निर्जीव वस्तूंनाही चालते. त्याला चूक ठरवणे निराधार आहे.

खरे महत्त्व स्वल्पविरामाला आहे. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर’ असे लिहिले, तर भाऊ अनेक असून त्यांतला नागपूरचा अभिप्रेत असतो. ‘ब्रदर’नंतर आणि ‘नागपूर’नंतर स्वल्पविराम दिल्यास भाऊ बहुधा एकच, नागपूर ही केवळ जादा माहिती. पहिले उपवाक्य निश्चितीदर्शक, ते गाळता येत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रमाण इंग्रजी ‘दॅट’ वापरत नाही. निश्चितीसाठी फक्त ‘दॅट’ योजावे, ही सूचना हेन्री फाउलर यांच्या १९२६ च्या कोशाने रूढ केली. अमेरिकी संपादकांनी ती नियमासारखी पाळली, तरी ती शैलीची पसंती आहे. चांगले ब्रिटिश लेखक तिथे ‘व्हिच’ही लिहितात.

सर्वनाम कर्म असल्यास निश्चितीदर्शक उपवाक्यात ते गाळता येते : ‘द बुक आय बॉट’. कर्ता असल्यास नाही. ‘हूम’ बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. शब्दयोगी अव्ययानंतर मात्र टिकून आहे, उदा., ‘टू हूम’. असे अव्यय वाक्याच्या शेवटी ठेवण्यावर जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये आक्षेप घेतला होता, पण प्रत्यक्ष वापराने तो कधीच मानला नाही.

मराठीतील ‘जो–तो’ रचनेत दोन सर्वनामे लागतात. इंग्रजीत दुसरे नको; ‘द बुक दॅट आय बॉट इट’ अशुद्ध.