ईदी आणि टीव्ही गेम

नव्वदच्या दशकात जुन्या जालन्यात ईदची नमाज झाली, शिरखुर्मा पिऊन झाला, की आम्हा पोरांची ईदी थेट टीव्ही गेमच्या दुकानात जायची. तासावर पैसे. कॅसेट अडली की काढून फुंकर मारायची, पुन्हा लावायची. नाणं टाकून खेळायची कपाटाएवढी मूळ यंत्रं आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

ते डबे आले कुठून, हे फार उशिरा समजलं. नामकोचा ‘गॅलेक्सियन’ १९७९चा, ‘पॅक-मॅन’ १९८०चा, कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७चा. तिन्ही आधी आर्केडचे. निन्टेन्डोनं १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ काढला आणि असे खेळ घरच्या टीव्हीवर आले. त्याच यंत्राच्या स्वस्त नकला आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या गेल्या. अस्सल यंत्र आमच्या ऐपतीतलं नव्हतंच, त्यामुळे नकलेला नुसती चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण अनेक कॅसेटींत पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि साल पुसलेलं असे. वर्गात गझल शिकवताना मी सांगतो, मक्त्यात शायराचं तखल्लुस येतं. आमच्या वाट्याला मक्ता कापलेल्या गझला आल्या. ‘पॅक-मॅन’ तोरू इवातानी यांनी घडवला, हे मी चाळिशीत वाचलं.

यंदा मुलानं ईदीतून टीव्हीला लावायची गेम स्टिक आणली. हजारो खेळांच्या यादीत ‘पॅक-मॅन’ सापडला. मी पडद्यावर नामकोचं नाव शोधत बसलो.

“अब्बा, तुमारी बारी है,” तो म्हणाला.