रापलेल्या कातडीचा इतिहास

इंग्रजी बोलणारा माणूस टॅन ‘मिळवतो’, मराठी माणूस ‘रापतो’. टॅन ठरवून करून घ्यायची गोष्ट आहे. रापणं कामाच्या ओघात होऊन जातं. मच्छीमार रापतो, नांगर धरणारा रापतो, बाजाराच्या तोंडाशी टोपली घेऊन बसलेली मावशी रापते. गणपतीपुळ्याहून दोन दिवस समुद्रात डुंबून परतलेल्या माणसाला मात्र आपण ‘काळवंडलास रे’ म्हणतो. ऊन तेच, पण शब्द वेगळे. हा फरक कुठून आला ते बघायचं तर रत्नागिरी सोयीची आहे, कारण इथे उन्हाचे बरेच धागे एकत्र येतात.

आधी भूगोल. रत्नागिरी साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला हे पुन्हा घडतं, पण तेव्हा पावसात दिसत नाही. मेमध्ये विदर्भ 45 अंशांत भाजत असताना इथला पारा 32-33च्या आसपास असतो, वर समुद्राचा वारा. त्यामुळे फसायला होतं. कातडी भाजते ती अतिनील किरणांनी, आणि पाऱ्याचा आकडा त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. उलट कोरडी वाळू त्यातले सुमारे 15 टक्के आणि लाटांचा फेस सुमारे 25 टक्के किरण पुन्हा अंगावर फेकतात.

याच गावात एप्रिल 1886मध्ये ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना इंग्रजांनी आणून ठेवलं. जांभ्या दगडाचा थिबा पॅलेस 1910मध्ये राहण्याजोगा झाला आणि 1916च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. त्यांच्या देशात उन्हावरचा एक जुना उपाय आजही घरोघरी आहे: थानाका. झाडाचं खोड सपाट दगडावर पाणी घालून उगाळायचं आणि तो पिवळसर लेप गालांवर लावायचा. आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात तसंच. ही झाडं लिंबाच्या कुळातली. काही ठिकाणी चक्क कवठाचं खोड वापरतात. मला यात विशेष वाटतं ते असं की थानाका राजवाड्यातही होता आणि भाताच्या खाचरातही. सावलीत बसणारी आणि उन्हात राबणारी, दोघींकडे एकच उपाय होता.

युरोपात तसं नव्हतं. तिथे शतकानुशतकं गोरेपण म्हणजे श्रीमंती होती, कारण रापलेला माणूस शेतावरचा. मग कारखाने आले, मजूर छपराखाली गेला आणि धुरकट शहरांत त्याची पोरं मुडदुसाने वाकली. 1903मध्ये त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेनला नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लेझां गावात ऑग्युस्त रोलिएने क्षयरोग्यांना उन्हात झोपवणारा दवाखाना काढला. ऊन औषध झालं. 1920च्या दशकात कोको शनेलसारख्यांमुळे ते फॅशन झालं आणि 1936मध्ये फ्रान्समधल्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाल्यावर समुद्रकिनाराही त्यांच्या आवाक्यात आला. आता फिकट कातडी म्हणजे कारखाना आणि तांबूस कातडी म्हणजे सुट्टी. प्रतिष्ठेची बाजू बदलली, कारण कष्टाची जागा बदलली.

आपल्याकडे कष्टाची जागा फारशी बदलली नाही. कोकणातून गिरणीत गेलेला चाकरमानी शिमग्याला घरी आला की लोक कौतुकाने म्हणत, ‘मुंबईचं पाणी मानवलं हो!’ खरं तर त्यात गिरणीच्या छपराचा वाटा मोठा असणार. भावकीतला जो मागे राहिला तो उन्हातच होता. सावली मिळाली की माणूस उजळतो आणि उजळला की त्याचं बरं चाललंय असं मानतात. हेच समीकरण बाटलीत भरून विकलं गेलं. 1919मध्ये मुंबईत अफगाण स्नो आलं, 1975मध्ये फेअर अँड लव्हली. 2020मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ गेलं, पण लग्नाच्या जाहिरातीतलं ‘गोरी’ अजून जागेवर आहे.

आमच्या पिढीने इन्स्टाग्रामवरून टॅन आणि ‘टॅन रिमूव्हल’ दोन्ही एकदमच उचललं. म्हणून विज्ञान सरळ सांगतो. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की त्वचा मेलॅनिन वाढवते. रापणं ही त्या इजेची खूण आहे. ‘आधी थोडं टॅन होऊ दे, मग भाजत नाही’ या समजाला फार अर्थ नाही, कारण त्याने मिळणारं संरक्षण जेमतेम एसपीएफ 3-4 इतकंच असतं. सावळ्या त्वचेला मुळातच जास्त संरक्षण असतं, पण वांगाचे डाग तिच्यावरच हट्टाने बसतात. एसपीएफ 30 भाजवणारे सुमारे 97 टक्के किरण अडवतं आणि 50 सुमारे 98. म्हणजे आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की ते भरपूर लावायचं आणि दर दोन तासांनी, पोहून आल्यावर पुन्हा लावायचं. आणि फुकटचं मोजमाप पायाशीच असतं: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर आडोसा गाठायचा.

पण हा सल्ला ज्याला आडोसा गाठता येतो त्याच्यासाठी आहे. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीच्या हापूसच्या बागांमध्ये झेला घेऊन उभे असलेले कामगार, त्यातले बरेच नेपाळमधून आलेले, ऐन दुपारी वर बघत काम करतात. त्याच झाडावरच्या फळांना हल्ली कागदी पिशव्या घालतात. डाग पडू नयेत, माशी लागू नये, ऊन लागून आंबा भाजू नये म्हणून. भाजलेल्या आंब्याला भाव मिळत नाही. भाजलेल्या माणसाच्या मजुरीत त्याने फरक पडत नाही, म्हणून त्याच्या टोपीचा, पूर्ण बाह्यांच्या शर्टाचा हिशेब कुणी मांडत नाही.

गंमत म्हणजे उपाय आधीच लिहिलेला आहे. आंबा सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढावा आणि काढल्यावर उन्हात ठेवू नये, नाहीतर आत साका होतो, असं कृषी तज्ज्ञ बागायतदारांना सांगत आले आहेत. तो सल्ला फळासाठी आहे. पण तो मनापासून पाळला, तर दुपारी 11 ते 4 झाडाखाली बसायची मुभा कामगारालाही मिळेल. सध्या तरी बागेतली सावली आंब्याच्या नावाने मागणंच सोपं दिसतं.