मार्च, मोर्चा आणि आडोसा

इंग्रजीतला 'मार्च' हा एकच शब्द किती कामं करतो बघा. सैनिकांचं तालात चालणं म्हणजे मार्च. त्या चालीसाठी बँड वाजवतो ती धूनही मार्च. मागण्या घेऊन रस्त्यावर उतरलेली माणसंही मार्चच काढतात. मार्च महिना मात्र वेगळ्या घरातला. तो रोमनांच्या मार्स या युद्धदेवावरून आला.

आपला 'मोर्चा' या मार्चचा सख्खा भाऊ वाटतो, पण तसं नाही. तो फारसीतून आलाय आणि त्याच्या जुन्या अर्थात चालणं नाहीच, उलट दबा धरून बसणं आहे. किल्ल्याला वेढा घालताना आडोसा करून तोफा-बंदुका मांडायच्या, ती जागा म्हणजे मोर्चा. 'मोर्चेबांधणी' हा शब्द तिथलाच.

साताऱ्याने हे जुने मोर्चे पाहिलेत. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसला. गडावर प्रयागजी प्रभू होते. मोगलांनी मोर्चे पुढे सरकवत तटाखाली सुरुंग भरले. एप्रिल १७०० मध्ये ते उडवले, तेव्हा तट मोगलांच्याच अंगावर कोसळला आणि शेकडो सैनिक गाडले गेले. त्याच महिन्यात गड मोगलांना मिळाला, पण तहाने.

आता थेट १९४२ मध्ये येऊ. तेव्हा तासगाव आणि वाळवा हे आजच्या सांगलीतले तालुके सातारा जिल्ह्यातच होते. 'चले जाव'नंतर इथल्या गावागावांतून लोक मामलेदार कचेऱ्यांवर चालून जाऊ लागले. याचंही नाव मोर्चाच. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे लोक हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यात विष्णू बारपटे गेले आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्याही गेले. मीही इंजिनिअर, त्यामुळे या नावापाशी मी जरा जास्त थांबतो. कारखान्यातली नोकरी असलेला माणूस त्या दिवशी कचेरीकडे चालत गेला.

शब्दाचा अर्थ इथे पुरता उलटलेला दिसतो. अजिंक्यताऱ्याखालच्या मोर्च्याचा सगळा उपयोग आडोशाचा होता, समोरून गोळी आली तरी आपण वाचावं म्हणून. वडूजच्या मोर्च्यात आडोसा नव्हताच. होता तो हातातला झेंडा. नाव तेच राहिलं, कारण रोख तोच होता: सत्ता जिथे बसते ती जागा. पूर्वी गड, आता कचेरी.

या गोळीबारांनंतर अनेक कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ पासून याच भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, आणि हातात पुन्हा शस्त्रं आली. पण भाषेने त्यातलं जे कायम ठेवलं, ते निःशस्त्र चालणं. आज 'मोर्चा निघालाय' म्हटलं की आपल्याला आधी ट्रॅफिक आठवतं, तोफ कुणालाच आठवत नाही. शब्दातली ती तोफ वडूज-इस्लामपूरच्या रस्त्यांवर चाललेल्या अशाच माणसांनी काढून टाकली.