पाच टक्क्यांची हमी

मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी निघाली, हे शाळकरी पोरही सांगेल. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी या सगळ्याची वर्णने भरपूर छापली गेली आहेत. पण ही गाडी कोणाच्या जोखमीवर धावली, हे कळायला पावणेचार वर्षे मागे जावे लागते. 17 ऑगस्ट 1849 रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, यांच्यात करार झाला. तो वाचताना गाडीचा धूर कुठेच दिसत नाही. दिसते ती व्याजाची मोजदाद.

करारातला ऐवज असा. प्रायोगिक मार्गासाठी 5 लाख पौंडांचे भांडवल. त्यावर सालीना 5 टक्के व्याजाची हमी, तीही हिंदुस्थानच्या महसुलातून. जमीन 99 वर्षांसाठी फुकट. नफा 5 टक्क्यांच्या वर गेला, तर वरकड रकमेतली निम्मी भागधारकांना आणि निम्मी सरकारने आधी भरलेले व्याज फेडायला. धंदा जमेना, तर रेल्वे कंपनीने सहा महिन्यांची नोटीस द्यावी, मार्ग सरकारच्या हवाली करावा आणि घातलेले भांडवल परत घ्यावे. उलट सरकारला मार्ग विकत घ्यायचा असेल, तर संधी दोनच: 25 वर्षांनी किंवा 50 वर्षांनी. किंमत ठरायची ती आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी बाजारभावावरून.

एवढी मेहेरनजर कशासाठी? जीआयपीचा प्रवर्तक जॉन चॅपमन याने 1851 साली पुस्तक लिहिले ते हिंदुस्थानच्या कापसावर आणि व्यापारावर. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबई बंदरात यायचा; वाटेत धूळ खायचा, पावसात भिजायचा. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेखेरीज दुसरा पुरवठादार हवा होता. मुंबईतले जमशेटजी जीजीभॉय आणि नाना शंकरशेट हेही रेल्वेच्या खटपटीत सुरुवातीपासून होते. तरी भांडवल जवळजवळ सगळे विलायतेतूनच आले. 1860 च्या दशकाअखेरीस हिंदी रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांत शंभरात एकही हिंदी माणूस भरत नव्हता. व्याज मात्र इथल्या रयतेच्या साऱ्यातून जायचे.

हमीचा परिणाम खर्चावर काय झाला, याचा दाखला सरकारच्याच माणसाने दिला आहे. माजी वित्तसदस्य विल्यम मॅसी 1872 साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे म्हणाले की, 5 टक्के मिळताहेत तोवर आपला पैसा हुगळीत बुडवला की विटाचुन्यात घातला, याचे विलायती भांडवलदाराला सोयरसुतक नव्हते. कंपनीच्या खर्चावर सरकारी मंजुरीचा अंकुश होता, हे खरे. पण कमी खर्चात काम करून कंपनीच्या पदरात काय पडणार होते? त्याआधी, 1869 साली, गव्हर्नर जनरल जॉन लॉरेन्स यांनीही टिपणात लिहून ठेवले होते की नफा सगळा कंपन्यांचा आणि तोटा सगळा सरकारचा.

हे कळल्यावर सरकार हात आखडता घेईल, असे वाटते. वऱ्हाडात तसे झालेही. खामगावची कापूसपेठ जोडणारा फाटा सरकारने स्वतः बांधला आणि 1870 साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला. पण त्याच साली लंडनमध्ये भारतमंत्री ड्यूक ऑफ अर्गाइल यांनी जीआयपीशी नवा समझोता केला. 1874 साली, म्हणजे 25 वर्षांनी, मार्ग विकत घेण्याचा जो हक्क मिळणार होता, तो सरकारने सोडला. आजवर भरलेल्या व्याजाची थकबाकी माफ केली. बदल्यात मिळाले काय, तर वरकड नफ्यातला निम्मा वाटा. कलकत्त्याच्या सरकारने विरोध केला, तो कागदावरच राहिला. माझ्या मते जीआयपीच्या इतिहासात 1849 पेक्षा 1870 चा व्यवहार जास्त महागात पडला. पहिल्या वेळी रेल्वे चालेल की नाही हेच ठाऊक नव्हते. दुसऱ्या वेळी सगळे हिशेब समोर होते.

या समझोत्यातली खोच सहामाही हिशेबात होती. कापसाचा हंगाम जानेवारी ते जून. त्या सहामाहीत गाड्या भरभरून धावायच्या आणि वरकड नफा वाटला जायचा. पावसाळ्याच्या सहामाहीत कमाई 5 टक्क्यांखाली घसरली, तर तूट एकट्या सरकारने भरायची. एका सहामाहीची तूट दुसरीच्या नफ्यातून वळती करायची सोय नव्हती.

दुसरी खोच नाण्याची. करारात रुपयाचा दर 1 शिलिंग 10 पेन्स असा बांधलेला होता. 1849 साली बाजारभावही त्याच्या आसपास होता. पुढे चांदी घसरली आणि शतकाच्या अखेरीस रुपया 1 शिलिंग 4 पेन्सांवर आला. आता एक लाख रुपये वरकड नफा भागधारकांच्या वाट्याला आला, असे धरू. कराराच्या दराने त्याचे 9,166 पौंड होतात, बाजारच्या दराने 6,666. मधले अडीच हजार पौंड हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाणार.

पुण्यात गणेश व्यंकटेश जोशी यांनी 1884 साली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात खुला व्यापार आणि रेल्वेविस्तार यांचा जमाखर्च एकत्र मांडला. विलायती माल गावोगाव पोचवणाऱ्या रेल्वेला सरकारी आधार आणि इथल्या कारागिराला काहीच नाही, ही विसंगती त्यांना खुपत होती. सवलत द्यायला त्यांची हरकत नव्हती. ती कोणत्या धंद्याला मिळते, हा त्यांचा सवाल होता.

पन्नास वर्षे भरल्यावर, 1900 साली, सरकारने जीआयपी अखेर विकत घेतली. भागभांडवल होते 2 कोटी पौंड. सरासरी बाजारभावाने किंमत निघाली सुमारे 3 कोटी 48 लाख. भाव एवढा चढला त्याला रेल्वेची कमाई कारण होती, तशी सरकारचीच हमीही होती. एवढी रक्कम एकदम देणे शक्य नव्हते, म्हणून वार्षिक हप्ते बांधले गेले. मूळ कराराची 99 वर्षे धरून शेवटच्या हप्त्याची मुदत ठरली 17 ऑगस्ट 1948.